वास झाकण्याआधी तो कुठून येतो हे पाहावे

माननीय संपादक,
स.न.

सौंदर्यप्रसाधनांतील घटकांचा नकोसा वास सुगंधद्रव्याने कसा झाकावा, यावरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. परंतु सुगंध घालणे हा त्यात पहिला उपाय ठरला आहे आणि माझ्या मते तो शेवटचा असायला हवा.

कडुनिंबाच्या तेलाचा उग्र दर्प त्यातील गंधकयुक्त संयुगांमुळे येतो, म्हणजे तो त्या तेलाच्या प्रकृतीतच आहे. सूर्यफुलाच्या तेलाचे तसे नाही. ताजे असताना त्याला फारसा वास नसतो. त्यातील असंतृप्त मेदाम्लांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन हेक्झानलसारखी अल्डिहाइडे तयार होऊ लागली की ते खवट होते. हा खवटपणा म्हणजे माल बिघडत असल्याची वर्दी आहे, आणि तिच्यावर लॅव्हेंडरचा थर चढवणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, मग हेतू कितीही चांगला असो. त्वचेला कृत्रिम सावळेपणा देणाऱ्या लोशनची अडचण आणखी निराळी: त्यातील डायहायड्रॉक्सीअॅसिटोन या रंग आणणाऱ्या घटकाची त्वचेतील अमिनो आम्लांशी अभिक्रिया होते आणि वास बाटलीत नव्हे, अंगावर तयार होतो.

शिवाय सुगंधद्रव्य प्रत्येक मिश्रणात तग धरतेच असे नाही. केस काढण्याच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट हे केस कमकुवत करणारे गंधकयुक्त संयुग असते आणि सामू (pH) 12 च्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी मिश्रणात फळांसारखा वास देणारी एस्टरे फुटतात आणि व्हॅनिलाचा वास देणाऱ्या व्हॅनिलिनमुळे रंग तपकिरी पडू लागतो. अशा वेळी सुगंधाचे प्रमाण वाढवत नेण्याचा मोह होतो, तो टाळावा.

त्याऐवजी मुळाशी जाता येते. निर्वातात वाफेने निर्गंध केलेले तेल वापरता येते (त्यात थोडे नैसर्गिक ई जीवनसत्त्वही निघून जाते, हे मान्य). खवटपणा लांबवण्यासाठी टोकोफेरॉल (म्हणजेच ई जीवनसत्त्व), धातूंचे अंश बांधून ठेवणारे घटक आणि हवा व प्रकाश आत न शिरू देणारी बाटली उपयोगी पडते. सायक्लोडेक्स्ट्रिन हा स्टार्चपासून बनणारा कड्यासारखा रेणू गंधाचे रेणू आपल्या पोकळीत अडकवतो, तर एरंडेल तेलातील रिसिनोलिक आम्लाचे जस्तक्षार गंधकयुक्त व अमाइन रेणूंना बांधून ठेवतात. एवढे करूनही वास उरलाच, तर बेताने सुगंध घालण्यास माझी हरकत नाही.

हा आग्रह धरण्याचे कारण त्वचेचे आहे. लिमोनीन आणि लिनालूल ही नेहमीची सुगंधी संयुगे हवेच्या संपर्कात हायड्रोपेरॉक्साइडे बनवतात आणि ती अॅलर्जीला कारणीभूत ठरतात. युरोपीय संघाने 2003 मध्ये अशा 26 घटकांची नावे वेष्टनावर देणे बंधनकारक केले आणि 2023 मध्ये ही यादी 80 च्या पुढे नेली; त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत 0.001 टक्क्यांहून आणि धुऊन टाकायच्या उत्पादनांत 0.01 टक्क्यांहून अधिक प्रमाण असल्यास हा नियम लागू होतो. तरीही वेष्टनावर ‘वासरहित’ असे छापलेल्या उत्पादनात मूळ वास दबवण्यापुरते सुगंधद्रव्य असू शकते, हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही स्पष्ट केले आहे. अॅलर्जी असलेला ग्राहक नेमका हाच शब्द पाहून ती बाटली उचलतो. म्हणून वास झाकण्यासाठी सुगंधद्रव्य घातले असल्यास उत्पादकांनी तसे वेष्टनाच्या दर्शनी बाजूस छापावे, घटकांच्या बारीक अक्षरांतील यादीत नव्हे.

आपला,
एक वाचक