मंत्रीमहोदय, माझ्या दारची वाळू कुणाच्या खात्यात आहे?

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

हे पत्र कोणत्या खात्याच्या नावानं लिहावं, हे ठरवण्यातच माझे दोन दिवस गेले. खाडीतल्या वाळूचा लिलाव महसूलकडे, किनाऱ्यावरचा दगडी बंधारा दुसऱ्याच खात्याकडे, कासवाची अंडी आणि कांदळवन वनखात्याकडे, आमच्या होड्या मत्स्यव्यवसायाकडे. वाळू मात्र एकच आहे. म्हणून कुणाचंही नाव न घालता लिहितो. ज्यांच्या हाती पडेल त्यांनी वाचावं आणि दुसऱ्या टेबलावर ढकलू नये, एवढीच पहिली विनंती.

मी सिंधुदुर्गातल्या देवबागचा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर आमची घरं. आमच्या घरात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी मी चौथी पिढी.

आषाढ अमावास्येच्या उधाणात मध्यरात्रीच्या सुमारास आईनं मला हलवून उठवलं. ती ८१ वर्षांची आहे. एवढंच म्हणाली, "उठ रे झिला, पाणी दारात इलां." तिला पाठीवर घेऊन मी खाडीच्या बाजूच्या भावाच्या घरी पोहोचवलं. परत आलो तेव्हा चुलीत पाणी होतं आणि तांदळाचं पिंप आडवं होऊन तरंगत होतं. उजाडल्यावर पाहिलं तर पाच माड मुळांसकट समुद्रात. त्यातले दोन माझ्या आजोबांनी वडिलांच्या जन्माच्या वर्षी लावलेले. विहिरीचं पाणी खारट झालं. पाच माड म्हणजे वर्षाला चारेकशे नारळ, ते कुणीतरी पंचनाम्यात लिहील. ज्या माडाला टेकून माझे वडील जाळं विणायचे, तो कोणत्या रकान्यात लिहिणार?

वादळं आम्ही सोसली. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आलं, १६ मे २०२१ ला तौक्ते आलं. तेव्हा कुणाला दोष दिला नाही, कौलं गोळा केली आणि घर उभं केलं. या वेळचं दुखणं वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी एक मोठे साहेब आमच्या खळ्यात उभे राहिले, शहाळं प्यायले आणि म्हणाले, पुढच्या पावसाआधी तुमच्या दारासमोर बंधारा होईल. बंधारा झाला. पण तो माझ्या कुंपणापासून चाळीस पावलांवर थांबला. निधी संपला, असं ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं.

दगडाची भिंत जिथं संपते, तिथं लाट वळते आणि भिंतीच्या टोकाशेजारची उघडी वाळू खरवडून नेते. हे शोधायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नाही, माझ्या अंगणात येऊन पाहा. भिंतीसमोर तरी काय उरतं? लाट दगडावर आपटून मागे फिरते ती पायथ्याची वाळू घेऊनच. शेजाऱ्याचं घर आज वाचलं, पण समोरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, गेली. त्या बंधाऱ्याच्या अर्जावर माझीही सही होती, साहेब. घाबरलेल्या माणसासमोर तुम्ही दगड हा एकच उपाय ठेवता, मग तो सही करणार नाही तर काय करणार?

माझे वडील सांगायचे, पावसात दर्या वाळू नेतो आणि दिवाळीनंतर परत आणून घालतो. लहानपणी ते मी डोळ्यांनी पाहिलंय. श्रावणात घसरलेला किनारा माघापर्यंत पुन्हा भरायचा. पावसाळी लाटा वाळू ओढून पाण्याखाली दांडा करतात, तोच दांडा पुढं शांत लाटा किनाऱ्याला लावतात. आता परत येताना वाळू कमी पडते, कारण मधल्या मधे ती कुणीतरी उचललेली असते. नदीवर जिथं धरण होतं, तिथं पुराबरोबर येणारी वाळू अडते. उरलेली खाडीतून ब्रासच्या हिशेबानं विकली जाते. खाडीत खड्डा पडला की तो भरायला पाणी आमच्याच पट्टीची वाळू ओढतं. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनं किनाऱ्यावरच्या वाळूउपशाला मनाई केली. तरी रात्री खाडीत पंपांची घरघर आम्ही अंथरुणात पडून ऐकतो. समोरच्या काठावर भोगवे, वेंगुर्ले तालुका. अलीकडे आम्ही, मालवण तालुका. कर्लीच्या तोंडातली वाळू दोन्ही काठांना फिरते, कधी इकडे दांडा धरते, कधी तिकडे. तक्रार घेऊन गेलं की मात्र पहिला प्रश्न हद्दीचा.

चेन्नईचं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र सांगतं की १९९० ते २०१८ या काळात देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे ३४ टक्के किनारा झिजला, महाराष्ट्राचा सुमारे चौथा हिस्सा. ही मोजणी सरकारचीच आहे ना? मग त्यावरून उपाय ठरवताना दर पावसाळ्यानंतर तीच निविदा आणि तोच काळा दगड का? सह्याद्रीच्या पायथ्याचा डोंगर फोडायचा आणि समुद्रात ओतायचा, याला किनारा राखणं म्हणतात का?

पुदुच्चेरीचं उदाहरण आपल्यासमोर आहे. १९८० च्या दशकात तिथं बंदराच्या लाटारोधक भिंती बांधल्या, उत्तरेकडे जाणारी वाळू दक्षिणेलाच अडली. शहराची पुळण गेली आणि धूप सरकत पुढं तमिळनाडूच्या मच्छीमार गावांत शिरली. बंदर एका सरकारचं, घरं पडली दुसऱ्या राज्यातली. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या तोंडाशी असाच पेच होता. तिथं न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांनी करार केला. नदीच्या दक्षिणेला साठणारी वाळू २००१ पासून पंपानं उचलून उत्तरेच्या किनाऱ्यांवर सोडतात, वर्षाला सुमारे ५ लाख घनमीटर. इतक्या लांब तरी कशाला जायचं? विशाखापट्टणमला बंदरातून काढलेली वाळू शहराच्या किनाऱ्यावर टाकतात. २०१० साली आशियाई विकास बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांच्या किनाऱ्यांसाठी एकत्र कार्यक्रम आखला गेला होता. कर्ज घेताना तीन राज्यं एका कागदावर येतात. मग वाळूसाठी दोन तालुके एका टेबलाशी का बसत नाहीत?

मला दगड नको आहे. कर्लीच्या तोंडातून होड्यांच्या वाटेसाठी जी वाळू काढाल ती विकू नका, आमच्या आणि भोगव्याच्या किनाऱ्यावर घाला. खाडीत किती वाळू येते, किती जाते, याची सलग काही वर्षं मोजणी होईपर्यंत लिलाव थांबवा. आणि पुढचा बंधारा कुठंही घालण्याआधी त्याच्या टोकापलीकडे कोण राहतं, ते जाऊन बघा. पुळण भरली की मर्यादवेल आपोआप पसरते आणि वाळू धरून ठेवते. कासव अंडी घालायला दगडावर चढत नाही, त्याला भरतीच्या वर सुकी वाळू लागते. आमच्या गरजाही त्याच्यापेक्षा फार वेगळ्या नाहीत.

रापण कशी ओढतात हे आपण पाहिलंय का? होडी अर्धगोल फिरून जाळं सोडते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून चाळीस-पन्नास माणसं ते किनाऱ्यावर ओढतात. मागं मागं जायला वाळू लागते. बायका, म्हातारे, शाळा सुटलेली पोरं, जो हात लावील त्याला वाटा मिळतो. माझी आईसुद्धा चार वर्षांपूर्वीपर्यंत दोराला हात लावायची. किनारा गेला की हे सगळं गेलं, आणि त्याची नुकसानभरपाई द्यायला तुमच्याकडे नियमच नाही.

नारळी पौर्णिमा जवळ आली आहे. आम्ही दर्याला नारळ देऊ. त्यानंतर रापण लावायची. काल आम्ही सातजण ओहोटीला जाऊन जागा बघून आलो. बंधाऱ्याच्या टोकापासून माझ्या कुंपणापर्यंत चाळीस पावलं आहेत आणि तिथं आता गुडघाभर पाणी आहे. दोर माळ्यावरून अजून काढलेले नाहीत.

आपला,
देवबागचा एक रापणकर