शकावली वाचायला शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. डब्लिनमधल्या आणि बाहेरच्याही मराठी मंडळींना कळू दे, हजार-तेराशे वर्षांपूर्वीचं आयर्लंड मला कुणी दाखवलं ते.

मी तुमच्याकडे एखादं चांगलं पुस्तक मागायला आले होते. तुम्ही पुस्तक दिलंच नाहीत. ‘अल्स्टरची शकावली’ म्हणता येईल अशा, आयर्लंडच्या उत्तरेकडल्या अल्स्टर प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वर्षवार नोंदींमधली एकच नोंद समोर ठेवलीत आणि म्हणालात, “अगं, आपली जेधे शकावली पाहिली आहेस ना? तशीच वाच. प्रत्येक ओळीला विचार, तू कुणाची, कधीची?”

नोंद लहानशीच. 1 मे रोजी दिवसाच्या नवव्या तासाला अंधार पडला आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला आयर्लंडात रोगाची साथ पोचली. हस्तलिखितात साल 663. तुम्ही माझ्या वहीच्या समासात पेन्सिलीने शेजारी 664 लिहिलंत, कारण या शकावलीत अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साल एकाने मागे पडलेलं आहे. खगोलगणित सांगतं की खग्रास सूर्यग्रहण 1 मे 664 लाच झालं. इंग्लंडात बीड नावाच्या भिक्षूने 731 साली पुरा केलेल्या इतिहासात मात्र तेच ग्रहण 3 मेला घातलंय! म्हणजे बीडसारख्या विद्वानाची तारीख दोन दिवसांनी हुकली, पण कुणा अनामिक आयरिश भिक्षूने टिपलेला दिवस नकलांवर नकला होत पंधराव्या शतकाच्या अखेरच्या हस्तलिखितापर्यंत बिनचूक पोचला. त्या संध्याकाळी मला झोप लागली नाही, काकू. इतिहास इतका जवळून मी कधी पाहिला नव्हता.

मग डब्लिनजवळची क्लॉनटार्फची लढाई. 23 एप्रिल 1014, गुड फ्रायडे. आयरिश राजा ब्रायन बोरूने समुद्रापलीकडून आलेल्या वायकिंगांना हाकललं, एवढंच इथे जो तो सांगतो. तुम्ही कागदावर वंशवेल काढलीत. डब्लिनचा वायकिंग राजा सिट्रिक हा ब्रायनचा जावई. सिट्रिकची आई गोर्मलाथ हिचं ब्रायनशीही लग्न झालेलं. आणि ब्रायनच्या विरुद्ध लढणारा माएल मोर्डा हा लेन्स्टर प्रांताचा आयरिश राजा, गोर्मलाथचा भाऊ. भाऊबंदकी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

पण माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते जुन्या आयरिश कायद्यांत. मधमाश्यांवर वेगळा कायदा करणारा समाज किती बारकाईने जगत असेल! माश्या माझ्या, पण फुलं शेजाऱ्यांची, म्हणून नव्या मोहोळात शेजाऱ्यांचाही वाटा. जणू माझी गुरं त्यांच्या कुरणात चरून आली. मधमाश्यांच्या त्याच कायद्यात काँगल काएख या राजाची हकीकत येते: मधमाशीने डोळा गेला आणि व्यंग आलं म्हणून त्याला ताराचं राजेपद सोडावं लागलं. आणि 697 साली आयर्लंडातल्या ‘बर’ या गावी भरलेल्या सभेत, स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरचा मठाधिपती अडोमनान याने मांडलेला कायदा! लढाईत बायका, मुलं आणि धर्मसेवक यांना हात लावायचा नाही. हमीदार म्हणून 91 नावं, त्यात राजे आणि बिशपही. ती यादी तुम्ही मला थांबत थांबत, एकेक नाव कुठलं ते सांगत वाचून दाखवलीत. सातव्या शतकातली ही गोष्ट शाळेत का शिकवत नाहीत, असं मला तेव्हा मनापासून वाटलं आणि अजूनही वाटतं.

तुम्ही स्वतःच्या वह्या मला घरी नेऊ दिल्यात, लॅटिन ओळींचा अर्थ मराठीत लिहून दिलात, आणि तोच प्रश्न मी पुन्हा विचारला तरी कधी वैतागला नाहीत. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

पुढच्या खेपेला 806 ची नोंद घेऊन येते. आयोनावर वायकिंगांचा हल्ला होऊन 68 जण मारले गेले आणि पुढच्याच वर्षी आयर्लंडात केल्सचा नवा मठ बांधायला घेतला. तरीही 825 मध्ये ब्लाथमाक हा भिक्षू मारला गेला तो आयोनातच. मग केल्सला गेलं कोण आणि मागे राहिलं कोण? याचा छडा आपण दोघी मिळून लावू या.

तुमची,
एक विद्यार्थिनी