एका रेषेच्या दोन बाजू

विचिटा, कॅन्सस
4 मे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

डॅलसहून पाठवलेले तुझे पत्र मिळाले. टीव्हीवरच्या नकाशात एकाच टेक्सासच्या एका भागावर गारपिटीचा आणि शेजारच्या भागावर वणव्याचा इशारा पाहून तू चक्रावलास, आणि हवामानवाल्यांचे आपसात बोलणे होत नाही काय, असे विचारलेस. नकाशातले हे दोन्ही धोक्याचे अंदाज ओक्लाहोमातील नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर हे एकच केंद्र देते, आणि पुष्कळदा दोहोंचे मूळही एकच असते.

वसंतात टेक्सास-ओक्लाहोमाच्या मैदानी प्रदेशावर 'ड्रायलाइन' नावाची सीमारेषा उभी राहते. तिच्या पूर्वेस मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा असते, तर पश्चिमेस मेक्सिकोच्या पठारावरून आणि नैऋत्येच्या वाळवंटातून आलेली कोरडी, तापलेली हवा. ही रेषा दुपारी पूर्वेकडे सरकते आणि रात्री बहुधा मागे फिरते. काही वर्षांपूर्वी मी ओक्लाहोमाकडून पश्चिमेला, टेक्सासमधल्या अमरिलोला गाडीने जात असताना ती ओलांडली होती. शॅमरॉक गावी पेट्रोल भरायला उतरलो, तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. तासाभराने पुन्हा थांबलो, तर ओठ तडकू लागले होते आणि समोरचे आभाळ धुळीने मातकट झाले होते. मागे वळून पाहिले, तेव्हा पूर्वेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरेशुभ्र ढग चढत होते.

पठारावरची उष्ण हवा दमट थरावर झाकणासारखी पसरते, त्यामुळे खालची वाफ दुपारपर्यंत कोंडून राहते आणि झाकण कुठे फुटले की तासाभरात गारांचे वादळ तयार होते. दिवसभर ऊन पडले म्हणून निर्धास्त होणारे लोक इथेच फसतात. रेषेच्या पश्चिमेला ढगच नसतात आणि जमिनीत ओलही नसते, त्यामुळे उन्हाची शक्ती बाष्पीभवनात खर्च न होता पारा चढवण्यात जाते. त्यात जोराचा वारा आणि वाळलेले गवत असले, की एक ठिणगी पुरते. फेब्रुवारी 2024 मध्ये टेक्सासच्या उत्तर टोकाला लागलेल्या स्मोकहाउस क्रीक वणव्यात दहा लाख एकरांहून अधिक प्रदेश जळाला. तिथे शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड आली आणि वारा फिरला. तोवर आगीची जी लांब बगल होती, तीच पुढचे तोंड होऊन दक्षिणेकडे धावली.

आता शब्दांविषयी, कारण मला वाटते खरा घोटाळा तिथेच आहे. वादळाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय. 'मॉडरेट' म्हणजे बेताचा असे समजू नकोस. ती वरून दुसरी पायरी आहे, आणि हे नाव ठेवणाऱ्याचे मला नेहमीच नवल वाटते. तसेच 'गारांची शक्यता 15 टक्के' याचा अर्थ तुझ्यापासून 25 मैलांच्या आत मोठी गार पडण्याची शक्यता, त्यामुळे आकडा लहान म्हणून हसण्यावारी नेऊ नये. 'वॉच' म्हणजे तयारीत राहा, 'वॉर्निंग' म्हणजे आता आत जा. वणव्यासाठी 'रेड फ्लॅग वॉर्निंग' असते.

उन्हाचा हिशेब वेगळा आहे. 'हीटरिस्क' नावाच्या नकाशात 0 ते 4 अशा पायऱ्या आहेत आणि त्यात नुसते तापमान नव्हे, तर ते त्या ठिकाणी, त्या तारखेला नेहमीपेक्षा किती जास्त आहे आणि रात्री हवा निवते की नाही, हेही धरलेले असते. डॅलसच्या दमट रात्री वहिनींना सोसत नाहीत, असे तू लिहिले आहेस. तुमच्यासाठी हाच नकाशा अधिक उपयोगाचा.

नातवाला घेऊन अमरिलोजवळच्या पालो ड्युरो दरीत तंबूत राहायला जाणार आहात, तर आदल्या रात्रीच्या अंदाजावर विसंबू नका. पहिल्या दिवसाचा वादळाचा अंदाज सध्या तुमच्या घड्याळाप्रमाणे रात्री 1, सकाळी 8, साडेअकरा, दुपारी 3 आणि रात्री 8 वाजता नव्याने निघतो. निघण्यापूर्वी सकाळचा आणि वाटेत साडेअकराचा पाहा. रेड फ्लॅग असेल, तर शेकोटीचा बेत रद्द करा, नातू कितीही रुसला तरी. जाण्याची तारीख मला कळव. त्या सकाळी मी स्वतः नकाशा पाहून तुला फोन करीन.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर