दिवा आईनं पाहायचा

तीर्थरूप आई-बाबांना नमस्कार,

हे पत्र आईनं मोठ्यानं वाचायचं आहे. बाबा, अक्षर मोठं काढलंय म्हणून तिच्या हातून हिसकून घेऊ नका.

परवा "कॉम्प्युटर मेला" एवढंच बोलून तुम्ही फोन आईकडे दिलात. तो मेलेला नाही. पंखा फिरतो, समोरचा दिवा लागतो, मग नुसता पडदा काळा पडल्यानं कोणी मरत नसतं. ज्या वर्षी लाल्या रोगानं कपाशी खाल्ली, त्याच वर्षी तो घरात आला. आईच्या पाटल्यांची गोष्ट मी काढत नाही. पण तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी नंदी घेऊन निघाली, आणि मी "मला बैल नको, कॉम्प्युटर पाहिजे" म्हणून ओसरीवर लोळले होते, ते तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता ना? मग त्याला इतक्यात भंगारात कसा जाऊ देईन?

आता नीट ऐका. चालू करा, दोन मिनिटं थांबा आणि कीबोर्डवर उजव्या हाताला वर नमलॉक लिहिलेलं बटण आहे ते दोन-तीनदा दाबा. त्याचा छोटा दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर आतलं बहुतेक सगळं शाबूत आहे, गेला तो मॉनिटर, नाहीतर त्याची वायर. दिवा हललाच नाही तर दुखणं सीपीयूच्या डब्यात. लोक हे पाहत नाहीत आणि उगाच सगळं खोलून बसतात.

मॉनिटरचा स्वतःचा दिवा नारिंगी असेल तर त्याला वीज मिळते, पण सीपीयूकडून काही येत नाही. मॉनिटरच्या वायरीची निळी पिन दोन्ही बाजूचे स्क्रू सैल करून काढा, आतल्या काड्यांपैकी एखादी वाकली का पाहा, आणि पुन्हा घट्ट बसवा. दिवा हिरवा असूनही पडदा काळाच, तर खोलीत अंधार करून टॉर्च तिरपा धरा. अंधुक चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय. आणि हो, यूपीएसवर भरवसा ठेवू नका. दोन्ही वायरी एकदा थेट भिंतीच्या बोर्डात लावून पाहा. मोटारपंप सुरू झाले की आपल्याकडे व्होल्टेज कसं लोळतं ते तुम्हाला सांगायला नको.

टूं-टूं असा आवाज येत असेल तर माझा संशय रॅमवर, म्हणजे डब्यातल्या मेमरीच्या पट्टीवर. पावसाळ्याची दमट हवा, आणि त्या खोलीत भाव येईपर्यंत साठवलेल्या कापसाची पिंज. वायर पूर्ण काढायची, सुरू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, डब्याच्या पत्र्याला हात लावायचा आणि मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा. बसवताना दोन्हीकडचे खटके टक्क वाजले पाहिजेत. हे काम धाकट्या काकाच्या पोराला करू द्या. बाबा, तुम्ही शेजारी खुर्चीवर बसून फक्त हुकूम सोडा, ते तुम्हाला छान जमतं. वायर जिथून आत जाते तो पंख्याचा डबा मात्र त्यानंही खोलायचा नाही. वायर काढली तरी त्यात वीज साठून राहते.

दुकानदाराकडे न्यावाच लागला तर "फॉरमॅट मारतो" म्हणाला की सरळ नाही म्हणा, त्यानं आतलं सगळं पुसलं जातं. आजीचे फोटो, २०११ पासूनचा तुमचा शेतीचा हिशोब, सगळं हार्डडिस्कवर आहे. पडदा काळा झाला म्हणून ते पुसलं जात नाही. बाकी सगळं गेलं तरी ती डिस्क काढून मी दुसरीकडे जोडेन.

आता खरं बोलते, रागावू नका. तुम्ही संक्रांतीपासून म्हणत होतात, "बेटा, अक्षरं धुरकट दिसून राहिली." आणि मी काय म्हणायचे? ब्राइटनेस वाढवा. दर फोनला तेच. एकदा तर चिडलेही. आई तेव्हा मागून म्हणाली होती, "मले तं साफ दिसते." ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. परवा ती बोलता बोलता म्हणाली की बाबा रात्री मोटरसायकल काढत नाहीत, समोरचा लाइट डोळ्यांत फुटतो म्हणतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून मी ठरवलंय. विचारलं नाही, कारण तुम्ही "पाहू दिवाळीनंतर" म्हणाला असता. पोळा झाला की येणाऱ्या सोमवारी आपण सेवाग्रामच्या दवाखान्यात डोळे दाखवायला जायचं. नऊ दिवसांची रजा मंजूर झाली आहे, तिकीट काढलं आहे. पोळ्यानंतरच का, तर बैलांना सजवायला तुम्ही घरी हवेत, आणि वेचणी लागायच्या आधी हातात महिनाभर राहतो. ऑपरेशन करावं लागलं तर साधारण तेवढे दिवस थेंब टाकायचे, धूळ आणि पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. मोतीबिंदू नसेलच तर वर्ध्याला चहा पिऊन परत येऊ, मी एक शब्द बोलणार नाही. आणि असलाच, तर डोळा बधिर करून अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं. आत्याच्या वेळचं मनात आणू नका. ते दिवस वेगळे होते.

गाईचं दूध काकू काढेल, तिच्याशी बोलणं झालंय. आई, तू सोबत येणार आहेस. डबा मी करेन, तू फक्त ज्वारीच्या भाकरी दे, माझ्या जाड होतात. तुझी शुगरची गोळी पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेव, मागच्या वेळेसारखी तळाशी नको. बाबांचा जुना चष्मा आणि आधार कार्ड आजच एका जागी काढून ठेव. चुलीजवळ बसून शेकत बसणं बाबांनी आतापासूनच बंद करायचं.

चिडलेल्या त्या फोनबद्दल काय लिहू? समोर बसून बोलेन.

नमलॉकचा दिवा लागला की नाही ते मला उद्या कळवा. पण ते आईनं पाहून सांगायचं, बाबांनी नाही.

तुमची,
बेबी