फेरफार मुळापासून वाचणाऱ्या वकील मॅडमना

आदरणीय वकील मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नवा सातबारा मिळाला. भोगवटादाराच्या रकान्यात माझं नाव लागलं आहे. फोनवर तुमचे आभार मानलेच होते, पण त्यावर माझं समाधान होत नाही. वाई तालुक्यात जमीन घेतल्याचं कळल्यापासून नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, जुने सहकारी एकच प्रश्न विचारतात, "वकील कोण केला होता? आणि पुण्यात एवढे वकील असताना वाईचा कशाला?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे. तुमचं नाव यात घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही हे मला ठाऊक आहे.

आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा हातात सर्च रिपोर्ट तयार होता. एजंटनेच तो करून आणला होता. तीस वर्षांचा शोध, बोजा नाही, दावा नाही, टायटल क्लिअर. "वकील आपलाच आहे, तुम्हाला वेगळा खर्च नको," असंही तो म्हणाला होता. माझी बायको तिथेच म्हणाली, "आपला म्हणजे कुणाचा? हा रिपोर्ट विकणाऱ्यांनी करून घेतलाय." तिच्या त्या प्रश्नामुळेच आम्ही तुमच्यापर्यंत पोचलो. पुण्यातल्या एका स्नेह्यांनी सांगितलं होतं की जमीन ज्या तालुक्यात आहे, तिथल्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील बघा.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "इसार दिलाय का?" नाही म्हटल्यावर म्हणालात, "मग मी सांगेपर्यंत चेक लिहू नका. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे असं ते सांगतील. सांगू द्या." मग फी सांगितलीत, कागदावर लिहून दिलीत, आणि वर म्हणालात की व्यवहार झाला काय, मोडला काय, फी तेवढीच. हे वाक्य मी आता भेटेल त्याला ऐकवतो. ज्याचे पैसे खरेदीखत झाल्यावरच मिळणार आहेत, त्याच्या तोंडून "घेऊ नका" हा शब्द निघणं फार अवघड असतं.

त्यानंतर तुम्ही जे काम केलंत ते जवळून बघायला मिळालं, हे मी माझं भाग्य समजतो. सातबाऱ्यावर खाली बारीक अक्षरात जुन्या फेरफारांचे, म्हणजे हक्क कुणाकडून कुणाकडे गेला त्या नोंदींचे, क्रमांक असतात. आम्ही तिकडे कधी लक्षही दिलं नव्हतं. तुम्ही ते सगळे एका कागदावर उतरवलेत आणि प्रत्येक फेरफाराची नक्कल काढायला लावलीत. संगणकीकृत सातबारा पुरेसा नाही, हस्तलिखित सातबारेही हवेत, म्हणून तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज केलात. नकला आल्यावर त्या टेबलावर सालाप्रमाणे मांडल्यात आणि सगळ्यात जुन्यापासून वाचायला सुरुवात केलीत.

१९७४ सालच्या फेरफारावर तुमचं बोट थांबलं. तो कागद मला अजून दिसतो. निळ्या शाईतलं तिरकं अक्षर, कडेला मंडल अधिकाऱ्याची सही. मूळ मालक मयत, वारस म्हणून दोन मुलगे आणि दोन मुली. मुलींच्या नावांपुढे लिहिलेलं, "लग्न होऊन सासरी नांदत आहेत." आणि शेवटी, थोरल्या मुलाचं नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल करावे.

एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन एकट्या थोरल्याची झाली नव्हती, तो सगळ्यांच्या वतीने फक्त नावाला होता. पुढे तो वारला, त्याच्या दोन मुलांची नावं वारस म्हणून लागली. मधल्या काळात सातबारा हातातून संगणकावर गेला आणि ती तीन अक्षरं गळून पडली. आज सातबारा पाहणाऱ्याला वाटणार की मालक हे दोघे भाऊच. त्यांनी कुणाला फसवायचं ठरवलं होतं असंही नाही. त्यांनाही तसंच वाटत होतं.

मग तो "क्लिअर" रिपोर्ट? तुम्ही तो खोटा आहे असं एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही समजावलंत की दुय्यम निबंधक कार्यालयात इंडेक्स दोनचा शोध घेतला की नोंदणी झालेले दस्त सापडतात. खरेदी, गहाण, बक्षीसपत्र, हक्कसोड हे सगळं तिथे दिसतं. पण माणूस मेला आणि वारस लागले, तर त्याचा दस्त होत नाही. ते दिसतं फेरफारात. त्यात १९७४ सालची गोष्ट तीस वर्षांच्या शोधात येणार कशी? रिपोर्टमध्ये लिहिलेलं सगळं खरं होतं. आमच्या दृष्टीने जे महत्त्वाचं होतं, ते त्यात नव्हतं.

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी आहे, असं आपण सगळेच धरून चालतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच, हेही मला तुमच्याकडून कळलं. मुलींच्या हिश्श्याबद्दल मी विचारलं तेव्हा तुम्ही पुस्तक न उघडता सांगितलंत. मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटपाला ही दुरुस्ती लागत नाही, पण या घरात त्याआधी नोंदणीकृत वाटप झालेलं नाही, कोर्टाचा हुकूमनामाही नाही. म्हणजे त्या दोन मुलींचा, विकणाऱ्या भावांच्या आत्यांचा, हिस्सा शाबूत आहे.

तिथेच तुम्ही आम्हाला "सोडा ही जमीन" म्हणू शकला असतात, आणि आम्ही सोडलीही असती. पण तुम्ही विकणाऱ्या दोघांना बोलावलंत. ते आधी चिडले. "पन्नास वर्षं आम्ही कसतोय, आता आत्या कुठून आल्या?" तुम्ही आवाज चढवला नाहीत. फेरफार त्यांच्यापुढे ठेवलात, त्यांच्या आजोबांचं नाव त्यांनाच वाचायला लावलंत, आणि सांगितलंत की उद्या यातल्या कुणी वाटपाचा दावा लावला तर घेणारा अडकेल आणि त्याच्याबरोबर तुम्हीही. चुलत्यांचा पत्ता त्यांनीच दिला. चुलते आले, त्यांनी या जमिनीतल्या हिश्श्याच्या बदल्यात दुसरा गट घेतला असल्याचं सांगितलं. तेही तोंडीच होतं, मग तेही दस्तात आलं.

गावातल्याच वकिलाचा उपयोग काय, ते इथे कळतं. तुम्हाला ती भावकी माहीत होती. कुठली आत्या कोरेगावकडे दिली, धाकटी वारल्यावर तिची मुलं नालासोपाऱ्याला कुठे राहतात, हे तुम्ही चार फोनवर काढलंत. जाहीर नोटीस द्यायची तेव्हा पुण्याच्या आवृत्तीत छापून काय उपयोग, असं म्हणून तुम्ही ती साताऱ्यात आणि मुंबईतही दिलीत, कारण हरकत घेणारी माणसं तिथे होती. धोम धरणाच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनासाठीचे शेरे असू शकतात, म्हणून तेही तपासलंत. महाराष्ट्रात चालू दाव्याची नोटीस नोंदवायची तरतूद आहे, पण सगळेच ती नोंदवत नाहीत, म्हणून वाईच्या दिवाणी न्यायालयात आणि प्रांत कार्यालयातही जाऊन पाहिलंत. कूळकायद्याचा काही शेरा आहे का, मी शेतकरी असल्याचा तासगावचा सातबारा जोडला आहे का, हे सगळं ओघानं झालं. एका दुपारी तर तुम्ही बांधावर आलात आणि शेजाऱ्याला विचारलंत, "बैलगाडी कुठून जाते?" नकाशात नसलेली वाट तुम्हाला त्याच्याकडून कळली. पुढे वाटेवरून तहसीलदारांकडे जायची वेळ येऊ नये, म्हणून ती वहिवाट तुम्ही दस्तात चतुःसीमेखाली लिहून घेतलीत.

आता थोरल्या आत्यांबद्दल. मॅडम, यासाठी मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे.

भाच्यांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की वाईला जाऊन एक सही करायची आहे. ऐंशीच्या पुढच्या बाई, हातात कापडी पिशवी, पिशवीत आधार कार्ड. तुम्ही वकील आमच्या होतात. त्यांची सही मिळाली की आमचं काम भागत होतं. तरी तुम्ही भाच्यांना बाहेर बसायला सांगितलंत, आम्हालाही थोडं लांब बसवलंत, आणि खरेदीखताचा मसुदा त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलात. हिश्श्याची रक्कम सांगितलीत. म्हणालात, "आत्या, पैसे घ्यायचे असतील तर तुमच्या खात्यात येतील. भावाच्या पोरांना सोडायचे असतील तर तेही तुमच्या मर्जीनं. पण कळून करा. आणि सही करायची नसेल तर करू नका, कुणी काही म्हणणार नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "ह्यात हीर धरलीय का?"

मसुद्यात विहीर नव्हती. जमिनीत विहीरच नाही, मग लिहिणार कुठून? आत्यांनी सांगितलं की विहीर शेजारच्या गटात आहे, पण ती त्यांच्या वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून पाडली, त्यात आपला चार आणे हिस्सा आहे आणि पाण्याची पाळी ठरलेली आहे. तुम्ही लगेच शेजारच्या गटाचा जुना सातबारा मागवलात. इतर हक्कात नोंद होती. विकणाऱ्या भाच्यांना ती माहीत नव्हती, एजंटला माहीत नव्हती, आणि पाण्याशिवाय त्या जमिनीचं आम्ही काय करणार होतो? विहिरीतला हिस्सा, पाळीप्रमाणे पाणी घेण्याचा आणि पाइप नेण्याचा हक्क, हे सगळं दस्तात आलं ते त्या बाईंमुळे. आणि त्या बोलल्या, कारण तुम्ही त्यांना दस्त वाचून दाखवलात.

आत्यांनी पैसे घेतले. धाकट्या आत्यांच्या मुलांनीही घेतले. दोघा भावांचा वाटा कमी झाला, पण नोंदणीच्या दिवशी तेच आत्यांना हाताला धरून दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन आले. लिहून देणार म्हणून सगळ्यांची नावं एका दस्तात, सगळ्यांचे फोटो, सगळ्यांचे अंगठे. सर्व्हर मध्येच बंद पडला तेव्हा तुम्ही आत्यांसाठी खुर्ची आणि चहा मागवलात, तेही मी पाहिलं.

दस्त झाल्यावर बहुतेक लोक पेढे वाटून घरी जातात. तुम्ही म्हणालात, "अजून संपलं नाही." फेरफार नोंद धरली का, नोटीस निघाली का, पंधरा दिवसांत हरकत आली का, मंडल अधिकाऱ्यांनी प्रमाणित केली का, याचा पाठपुरावा तुम्ही आमच्यापेक्षा जास्त केलात.

मला विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगतो. वकील विकणाऱ्याचा किंवा एजंटचा नको, स्वतःचा करा. सर्च रिपोर्ट तुमच्या नावे, तुम्हाला उद्देशून, वकिलाच्या सहीचा घ्या. फेरफार कुठपर्यंत मागे जाऊन बघणार, हे पहिल्याच भेटीत विचारा. आणि जमीन ज्या तालुक्यात, वकील त्याच तालुक्यातला असू द्या. गावाकडचं घर, वाडा, गावठाणातली जागा घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे, तिथे सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक वाचायचं एवढाच फरक. पुणे-मुंबईच्या वकिलांना मी कमी लेखत नाही. पण कोरेगावची आत्या त्यांना कशी सापडणार?

मॅडम, तुमची फी आम्ही चुकती केली आहे, पण आत्यांना सन्मानानं बसवून त्यांचा हक्क त्यांना समजावून दिलात, त्याची किंमत त्यात धरलेली नव्हती. आमच्या नावावर आलेल्या जमिनीवर कुणाची हाय नाही, हे समाधान तुम्ही आम्हाला दिलंत. त्याबद्दल आम्ही दोघंही मनापासून तुमचे आभारी आहोत.

एक विनंती आहे. आमच्या शेजारच्या कुटुंबाला पाचवडजवळ वडिलोपार्जित घर विकायचं आहे. चार भावंडं आहेत, एक बहीण परदेशात आहे. सोमवारी त्यांना घेऊन येतो. मालमत्ता पत्रक आणि जुन्या नोंदींच्या नकला त्यांनी काढल्या आहेत. मी त्या सालाप्रमाणे लावून ठेवल्या आहेत, सगळ्यात जुनी वर.

आपला कृतज्ञ,
तुमचा पुण्याचा पक्षकार