तोकपो योंगमाच्या काठी भेटलेल्या मेंढपाळ चाचाजींना

आदरणीय चाचाजी,
सा. न. वि. वि.

हिमाचलमधल्या चंद्रताल सरोवराहून बारालाचा खिंडीकडे पायी निघालेल्या आम्हा तिघांना तुम्ही तोकपो योंगमा या नाल्याच्या काठी थांबवलेत, रात्रीपुरता आसरा दिलात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यापलीकडे नेलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तुम्हाला मराठी येत नाही आणि तुमचा मुक्काम ऋतूप्रमाणे हलतो, म्हणून ते जाहीरपणे लिहिले आहे. त्या वाटेने जाणाऱ्या एखाद्याने ते तुम्हाला हिंदीत समजावून सांगावे, एवढी इच्छा आहे.

आम्ही काझाहून सायकलींवर निघालो होतो. लोसरपुढचा लांबलचक चढ चढून सुमारे 4,550 मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडली, सायकली बातलहून ट्रकने बारालाचाच्या रस्त्याकडे पाठवल्या आणि सॅक पाठीवर घेऊन चंद्रा नदीच्या काठाने वर चालू लागलो. उंचीची तयारी आम्ही नीट केली होती. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवायची नाही, हा नियम पाळला होता आणि त्यामुळे कुणालाही विरळ हवेचा त्रास झाला नव्हता. पाण्याचे गणित मात्र नकाशात नसते. नकाशावर तोकपो योंगमा ही एक बारीक निळी रेघ आहे; दुपार उलटल्यावर आमच्यासमोर आला तो राखाडी, गढूळ, काठ पोखरत धावणारा प्रवाह होता.

तुम्ही आम्हाला पाण्याकडे जाताना वरच्या उतारावरून पाहिलेत आणि कळप तुमच्या सोबत्यावर सोपवून खाली आलात. थांबा, असे नुसते सांगून तुम्ही परत गेला असता तरी चालले असते. पण तुम्ही कारण दाखवलेत, आणि मला त्याचेच मोल अधिक वाटते. पाण्याच्या कडेला एक चपटा दगड ठेवून तुम्ही आम्हाला शेजारी बसवलेत. थोड्याच वेळात पाणी त्याच्या कडेला लागले, मग वर चढले आणि दगड दिसेनासा झाला. वर ऊन तापले की हिमनदीचे बर्फ वितळते, ते पाणी खाली पोहोचायला वेळ लागतो, म्हणून अशा नाल्यांना दुपारनंतर आणि संध्याकाळी जोर चढतो; रात्रीच्या गारठ्याने वितळणे मंदावले की पहाटे ते ओसरतात. मग तुम्ही कान देऊन ऐकायला सांगितलेत. पाण्याच्या घोंघावण्याखालून एक जड, बोदा ठोका येत होता. तळाचे धोंडे गडगडत असल्याचा तो आवाज होता. तो ऐकू येत असेल तोवर पाण्यात पाय घालायचा नाही, हे तुमचे सांगणे आम्ही कायमचे लक्षात ठेवले आहे.

पहाटे काठावरच्या दगडांवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता आणि आदल्या दिवशी बुडालेला तो दगड कोरड्यावर होता. अरुंद जागी पाणी खोल आणि वेगवान असते, म्हणून तुम्ही आम्हाला बरेच वर, प्रवाह पसरून तीन धारांत फुटतो तिथे नेलेत. बूट काढू दिले नाहीत. सॅकचा कमरपट्टा सोडायला लावलात, म्हणजे पाय घसरलाच तर ओझे टाकून देता यावे. मग कमरेभोवती गुंडाळलेला लोकरी डोरा, म्हणजे तुमचा कमरेचा दोर, सोडून त्याचे एक टोक आमच्या हाती दिलेत, आणि आमच्यातला एक जण ते कमरेला बांधू लागताच त्याचा हात धरलात. वाहत्या पाण्यात बांधलेला माणूस दोराच्या ओढीने पाण्याखाली दाबला जातो; हातात धरलेला दोर सोडता तरी येतो. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला रोवून, तोंड पाण्याकडे ठेवून, एका वेळी एकच पाऊल उचलत आम्ही पलीकडे गेलो. पाणी गुडघ्याच्या थोडे वर होते. आदल्या संध्याकाळी ते कुठवर आले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

ज्या वाटेला आम्ही हौसेने ट्रेक म्हणतो, ती तुमच्या कळपांच्या खुरांनी टिकून आहे. कांगडा-चंब्याकडून उन्हाळ्यात खिंडी ओलांडून लाहौलच्या कुरणांवर यायचे आणि थंडीपूर्वी परत फिरायचे, हा गद्दी जमातीच्या पुहालांचा, म्हणजे मेंढपाळांचा, शिरस्ता फार जुना आहे. तिथल्या सपाट, वाऱ्याआडच्या जागा तुमच्या मुक्कामाच्या आहेत. आमच्यासारखे प्रवासी नेमके तिथेच तंबू ठोकतात आणि अनेकदा प्लॅस्टिक मागे टाकून जातात, याची मला मनस्वी खंत वाटते. चंद्रताल 2005 पासून रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले पाणथळ आहे, तिथे निदान नियमांचा धाक असतो. वरच्या कुरणांवर तो कोण घालणार? म्हणून या वाटेने जाणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे की मेंढपाळांच्या दगडी आडोशांपासून दूर तंबू लावावा, कळप येत असेल तर वाट सोडून उताराच्या वरच्या बाजूला उभे राहावे आणि ओढ्यापाशी पुहाल भेटला तर आपल्या वेळापत्रकापेक्षा त्याचा शब्द मोठा मानावा.

पुढे तोकपो गोंगमा हा दुसरा नाला आम्ही सूर्य वर यायच्या आत, तुम्ही दाखवल्या रीतीनेच ओलांडला. बारालाचावर सायकली ताब्यात घेताना उलट दिशेने उतरू पाहणारी काही मुले भेटली. त्यांना दगडाची खूण, धोंड्यांचा आवाज आणि डोरा न बांधण्याचे कारण असे सगळे सविस्तर सांगितले, आणि त्यांनी त्या दिवशी वरच मुक्काम केला. त्यांचेही आभार तुमच्यापर्यंत पोहोचवणे माझे काम आहे.

तुमच्या सोबत्यालाही नमस्कार सांगावा. त्या रात्री त्यांनी स्वतःची घोंगडी आमच्यातल्या कुडकुडणाऱ्याच्या अंगावर घातली आणि स्वतः शेकोटीपाशी बसून राहिले, हे आम्हाला सकाळी समजले.

आपला कृतज्ञ,
त्या तिघांपैकी एक