आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, आणि ते समजावून सांगणारी नर्स

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ ऑक्टोबरच्या जागतिक आर्थ्रायटिस दिनानिमित्त तुमच्या पुरवणीत सांधेदुखीवर पानभर मजकूर आला. व्यायाम, आहार, गुडघ्याचं ऑपरेशन सगळं होतं आणि चांगलं होतं. पण रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे ज्यात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते आणि ज्याला आपल्याकडे सरसकट संधिवात किंवा आमवात म्हणतात त्याच्या, पेशंटला सगळ्यात जास्त लिहून दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही, ही एक ओळ त्यात कुठेच नव्हती. मी जिल्ह्याच्या ठिकाणी स्टाफ नर्स आहे, मेडिसिनच्या वॉर्डला आणि ओपीडीला दोन्हीकडे ड्युटी केलीय, म्हणून ही ओळ का हवी ते सांगायला हे पत्र लिहितेय.

आमच्याकडे एक मावशी ॲडमिट झाल्या होत्या, तोंड आतून पूर्ण सोललेलं, पाणी गिळता येईना, अंगात ताप, आणि ब्लड रिपोर्टमधे पांढऱ्या पेशी इतक्या खाली की डॉक्टरांनी लगेच वेगळ्या खोलीत हलवलं. मुलाने औषधांची पिशवी आणली होती ती उघडून बघितली तर मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप जवळजवळ संपलेली. चिठ्ठीवर इंग्रजीत आठवड्यातून एकदा असं लिहिलेलं होतं पण घरात ते नीट वाचणारं कोणी नाही, आणि मेडिकलमधून गोळ्या देताना पाकिटावर "रोज १" असं पेनाने लिहून दिलेलं. बीपीची गोळी रोज, शुगरची रोज, मग ही पण रोज, त्यांचं तरी काय चुकलं? मेथोट्रेक्सेटचा उतारा म्हणून ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं दिली, बरेच दिवस वॉर्डात काढले आणि मावशी वाचल्या. सगळेच वाचत नाहीत, रोज घेतल्याने माणसं दगावल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत.

यात आणखी खाचखळगे आहेत. या गोळीसोबत फॉलिक ॲसिड देतात, ते बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून घ्यायचं असतं, आणि मेथोट्रेक्सेटच्या काही ब्रँडची नावंच फॉलिकसारखी वाटतात, दोन्ही गोळ्या छोट्या आणि पिवळ्या, मग अदलाबदल व्हायला कितीसा वेळ लागतो. शिवाय ही गोळी अडीच, पाच, साडेसात, दहा अशा वेगवेगळ्या मिलिग्रॅममधे मिळते. मागच्या वेळी अडीचच्या तीन घेत होतो म्हणून यावेळी साडेसातच्या पण तीन घेतल्या, असंही होतं. लघवीच्या इन्फेक्शनला जी को-ट्रायमॉक्साझोलची गोळी सर्रास देतात ती मेथोट्रेक्सेटबरोबर घातक ठरू शकते, आणि गावातल्या डॉक्टरांना पेशंट सांगतच नाही की मी संधिवाताची गोळी घेते, कारण ते सांगायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे सांगणं नर्सचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ डॉक्टर, मोठ्या शहरात, महिन्यातून एखाद्या दिवशी जिल्ह्याच्या गावी येणार, बाहेर बाकावर रांग लागलेली, त्यांनी एका पेशंटला किती वेळ द्यायचा? पण शेजारच्या टेबलावर एक सिस्टर बसलेली असेल तर ती गोळी हातात घेऊन दाखवू शकते. मी तर वार ठरवूनच देते. आठवडी बाजार ज्या दिवशी असेल तो दिवस गोळीचा, बाजाराचा वार गावात कोणी विसरत नाही. उपवासाचा वार घेत नाही, कारण उपाशीपोटी मळमळ जास्त होते. मग घरच्या कॅलेंडरवर त्या वाराला गोल करायला सांगते, आणि सोबत आलेल्या माणसाकडून उलट वदवून घेते की गोळी कधी घ्यायची. नुसतं "समजलं का" विचारलं की सगळे हो म्हणतात, त्याला काही अर्थ नाही.

तरुण बायकांना तर वेगळं बसवून सांगावं लागतं की या गोळीवर असताना दिवस जाता कामा नयेत, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, गोळी बदलून देतात. सासूसमोर हे कोणी विचारत नाही. आणि हल्ली फोनवर शोधलं की ही कॅन्सरची गोळी आहे असं दिसतं, मग घाबरून बंदच करून टाकतात. कॅन्सरमधे हेच औषध कितीतरी पट जास्त डोसमधे देतात, इथे डोस अगदी थोडा असतो, आणि गुण यायला ६ ते १२ आठवडे लागू शकतात, एवढं आधी सांगितलं तरी निम्मी भीती जाते. तोवर सकाळी बोटं आखडणार, कपबशी धरता येणार नाही, साडीची निरी घालता येणार नाही, ते दिवस निभवायला कुणीतरी बोलणारं लागतं.

नाहीतर मग पुड्या सुरू होतात. बाजारात "वातावर रामबाण" म्हणून जे काही विकतात त्यातल्या कित्येकात स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसात दुखणं गायब, माणूस खूश, आणि काही महिन्यांनी चेहरा गोल, शुगर वाढलेली, हाडं ठिसूळ. आणि पुडी एकदम बंद केली की चक्कर, उलट्या, बीपी खाली, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी केलेलं असतं. डॉक्टरांनी दिलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड पण असं मनाने थांबवायचं नसतं, डोस हळूहळू उतरवतात.

पोटाच्या पेशंटचं तर याहून अवघड. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्यांना सूज आणणारे आजार, तेही आपल्याच प्रतिकारशक्तीच्या गडबडीतून होणारे. शौचातून रक्त पडतं म्हणून कितीतरी लोक मूळव्याध समजून वर्षं काढतात. क्रोन्स आणि आतड्याचा टीबी तर इतके सारखे दिसतात की तज्ज्ञांनाही ओळखायला कठीण जातं. आमच्याकडे येणारी एक मुलगी एसटीने कॉलेजला जायची, वाटेत संडास लागली तर काय करायचं म्हणून सकाळपासून काही खायचीच नाही, वजन उतरत चाललं होतं आणि घरचे म्हणायचे डाएट करते. हे ती डॉक्टरांना बोलली नव्हती, पुरुष डॉक्टर, कसं बोलणार. आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाइनचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध, लिहून दिला होता तोही बॉक्समधे तसाच पडून, कारण डाव्या कुशीवर झोपून, झोपायच्या आधी, कसा घ्यायचा आणि आत कसा धरून ठेवायचा हे कुणी दाखवलंच नव्हतं. औषध फुकट, पैसे फुकट, आणि केस पेपरवर काय तर औषधाला प्रतिसाद नाही. या पेशंटना सांधेदुखीही पुष्कळदा असते, त्यासाठी ते मेडिकलमधून पेनकिलर आणतात आणि त्याने पोट आणखी बिघडू शकतं. सांधे एका डॉक्टरकडे, पोट दुसऱ्याकडे, सगळ्या गोळ्या एकत्र बघणारं कोणी नाही, ते नर्सच करू शकते.

या दोन्ही आजारांत दिली जाणारी अडॅलिमुमॅबसारखी बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेली, इंजेक्शनं आता भारतात बनतात, २०१४ च्या शेवटी पहिलं देशी अडॅलिमुमॅब आलं, किंमत उतरली तरी सामान्य माणसाला महागच. ती सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी हवीच, आपल्याकडे टीबी कित्येकांच्या शरीरात दबून असतो आणि या औषधाने तो उसळू शकतो. इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं, फ्रीजमधे पण फ्रीझरमधे नाही, आणि पुण्याहून थर्माकोलच्या डब्यात आणताना बर्फाला चिकटू द्यायचं नाही, एकदा गोठलं की ते वापरायचंच नाही. एवढं महागडं औषध निव्वळ माहिती नसल्यामुळे टाकून द्यावं लागलं की फार वाईट वाटतं.

संधिवात हा काही दुर्मिळ आजार नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमधे १९९६ मधे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने घरोघरी जाऊन पाहणी केली तेव्हा प्रौढांमधे हजारात साधारण ५ जणांना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आढळला होता. तालुक्याचा हिशेब करून बघा. युरोपमधे या आजारात नर्सने काय काय करावं याच्या शिफारशी युलार या संधिवाताच्या क्षेत्रातल्या युरोपीय संस्थेने २०१२ मधे काढल्या आणि २०१८ मधे सुधारल्या, ब्रिटनमधे पेशंट थेट रुमॅटॉलॉजी नर्सला फोन करून विचारू शकतो. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयात बीपी-शुगरसाठी एनसीडी, म्हणजे असंसर्गजन्य आजारांचं, क्लिनिक आहे, तिथे नर्स आणि समुपदेशक ही पदं ठरलेली आहेत, पण त्या कार्यक्रमात संधिवात नाही, कोलायटिस नाही.

माझी मागणी एवढीच की याच क्लिनिकमधे आठवड्यातला एक दिवस या पेशंटसाठी ठेवा, एका नर्सला नीट ट्रेनिंग द्या, आणि पेशंटला विचारायला एक फोन नंबर द्या. उपकेंद्रातल्या सीएचओंना, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, मेथोट्रेक्सेटवरच्या पेशंटची यादी द्या, म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी) या रक्ततपासण्या वेळेवर झाल्या की नाही ते गावातच बघता येईल, आणि तोंड आलं, ताप आला, खोकला थांबेना झाला तर पुढची गोळी न घेता दवाखान्यात यायचं हे त्याच सांगतील. आणि मेडिकलवाल्या दादांना विनंती, या गोळीच्या पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरात वार लिहून द्या.

तुमच्या पेपरनेही पुरवणीत एक चौकट छापावी, गोळीचं नाव आणि खाली "आठवड्यातून एकदाच", एवढंच. आमच्या ओपीडीच्या भिंतीवर मी ती कापून चिकटवेन.

आपली,
एक स्टाफ नर्स, सोलापूर जिल्हा